हौदापलीकडचं घर

आर्झनूचं तळं रिकामं करायचं ठरलं त्या वर्षी नोएली सुशेरला सत्त्याहत्तरावं लागलं होतं. तळ्याकडे पाठ करून बसायची तिची सवय मात्र अडुसष्ट वर्षांची होती.

नव्या आर्झनूत कुठंही उभं राहा, खाली तळं दिसतंच. बेकरीच्या दारातून दिसतं, शाळेच्या पटांगणातून दिसतं, कबरस्तानातून तर सगळ्यात छान दिसतं. नोएलीच्या स्वयंपाकघराची खिडकीही तिकडेच उघडत होती, पण लग्न होऊन त्या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं खिडकीपुढं भांड्यांचं कपाट ओढून उभं केलं. नवरा एमिलियाँ म्हणाला, "अगं, लोक अशा खिडकीसाठी जीव टाकतात!" तर ही म्हणाली, "ऊन येतं." एमिलियाँ भला माणूस. तो पुन्हा कधी बोलला नाही. नऊ वर्षांपूर्वी तो गेला, मुलगा क्लेर्मोंला स्थायिक झाला, कपाट तिथंच राहिलं.

बाई एरवी भित्री वगैरे अजिबात नव्हती. एकतीस वर्षं तिनं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाच्या पोटात तिच्या हातचं मसुराचं सूप गेलेलं, आणि निम्म्यांच्या पाठीत तिच्या शब्दांचा रट्टाही बसलेला. थट्टा करायची, भांडायची, मयताला सगळ्यात आधी पोचायची. फक्त तळ्याचा विषय निघाला की तिला गॅसवरचं काहीतरी आठवायचं.

धरणाची दारं तपासायला तळं याआधी दोनदा रिकामं केलं होतं. दोन्ही वेळा बुडालेलं जुनं आर्झनू वर आलं आणि सगळं गाव खाली उतरून आपापल्या उंबऱ्यांवर बसून फोटो काढून आलं. पहिल्या वेळी नोएली म्हणाली, पोराला गोवर आलाय. दुसऱ्या वेळी म्हणाली, गुडघा दुखतो.

या वेळी लेऑन्स आला. लेऑन्स म्हणजे तिच्या शाळेतला, तिच्याहून चार वर्षांनी मोठा, आयुष्यभर लोकांच्या छपरांवर दगडी पाट्या बसवणारा माणूस. एक्याऐंशी वर्षांचा झाला तरी शिडी बघितली की चढायला बघायचा. जुलैच्या एका गुरुवारी सकाळी तो पिशवी खांद्याला लावून दारात उभा राहिला.

"काय नोएली, यंदा येतेस की पोराला अजून गोवर आहे?"

"पोरगा पन्नाशीला आला, मेल्या."

"मग गुडघा?"

"गुडघा ठणठणीत आहे."

"मग चल. ही शेवटचीच खेप आहे, ऐकलंयस ना? पुढच्या वेळेपासून पाण्यात यंत्र सोडून तपासणार आहेत. तळं आता कधी उघडं पडायचं नाही. तू आणि मी तर त्याच्या आधीच झाकले जाऊ."

नोएलीनं उंबऱ्यातून बाहेर बघितलं. समोरच्या भिंतीवर ऊन चढत होतं. मग म्हणाली, "थांब, टोपी घेते."

नावा लावतात त्या धक्क्यापाशी गावाचा रस्ता एरवी सरळ पाण्यात शिरतो. आता तो शिरून पुढं चाललेला दिसत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या झाडांचे बुंधे होते, काळे, सारख्या उंचीचे. लेऑन्स पुढं, नोएली मागं, अशी ती दोघं उतरू लागली.

वर उन्हाळा होता. गव्हाचा वास, नाकतोड्यांची किरकिर, कुणाच्या तरी अंगणातला रेडिओ. धक्क्याखाली वीस-तीस पावलं गेल्यावर एकेक करून ते सगळं मागं राहिलं. खाली माशीसुद्धा नव्हती. गवताचं एक पातं नव्हतं. जमीन, भिंती, दगड, बुंधे, सगळ्याला राखेचा एकच रंग. गाळ वाळून त्याच्या ताटाएवढ्या खपल्या झाल्या होत्या, आणि पाय पडला की त्या बशी फुटावी तशा वाजत. आकाश तेवढं निळं होतं. त्या निळ्याखाली हे सगळं कुणीतरी जाळून ठेवल्यासारखं दिसत होतं, आणि तरी हवेला वास होता तो ओल्या तळघराचा.

"बोल की काहीतरी," लेऑन्स म्हणाला.

"तू बोलतोयस तेवढं पुरे आहे."

पण बोलणंही तिथं बरं वाटत नव्हतं. आवाज तोंडातून निघाला की समोरच्या भिंतीला लागून थोड्या उशिरानं परत यायचा, जणू कुणी शब्द ऐकून घेऊन, उलटसुलट बघून, मग परत देत होतं.

गाव तसंच होतं आणि नव्हतंही. भिंती छातीपर्यंत, कुठं डोक्यापर्यंत उभ्या. छपरं नाहीत, दारं नाहीत, खिडक्या नाहीत. पाणी येण्याआधी लोकांनी दारं, चौकटी, छपराच्या पाट्या, सगळं उचकटून गाड्यांवर लादून वर नेलं होतं. नव्या गावातली निम्मी घरं त्याच सामानाची. त्यामुळं जुन्या गावात प्रत्येक घराला नुसती भोकं होती आणि प्रत्येक भोकातून पलीकडच्या घराचं भोक दिसत होतं.

लेऑन्स बुटानं खरवडत चालला होता. कॅफेच्या जागी त्यानं गाळाची खपली उडवली तर खाली लाल-पांढरी फरशी निघाली, काल पुसल्यासारखी. "हे बघ! इथं माझ्या आजोबांनी पैजेवर अकरा अंडी खाल्ली होती."

"आणि दुसरा दिवस कुठं घालवला, तेही सांग."

"ती जागा पुढं आहे, दाखवतो."

ती हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण चालताना मध्येच डावीकडे सरकतोय. फार्झा बेकरीच्या कोपऱ्यावर एक उघडं गटार असायचं. आता त्याचा मागमूस नव्हता, पण पाय त्याला चुकवून गेला. पुढं शाळेच्या गल्लीत ती खाली वाकली, आणि सरळ झाल्यावर तिला कळलं की वाकायला लावणारी कमान तिथं नाही, शिवाय नऊ वर्षांच्या पोरीला त्या कमानीखाली वाकावं लागतच नव्हतं. मग ही वाकली कुणासारखी? पापांसारखी. पापा उंच होते. दवंडीचा ढोल सांभाळत तिथं वाकायचे.

गावात बाहेरची माणसंही बरीच होती. चर्चच्या जागेत एक कुटुंब चादर पसरून खरबूज खात बसलं होतं. एका तरुण जोडप्यानं या दोघांना थांबवलं. मुलीनं विचारलं, "मादाम, इथं खरंच माणसं राहत होती?"

"छे," लेऑन्स म्हणाला, "मासे राहायचे. पाणी आल्यावर सोडून गेले."

मुलगी हसली. नोएलीनं सांगितलं, "चारशे बारा माणसं राहत होती, पोरी." आकडा तिला पाठ होता. तिचे वडील गावचे राखणदार होते. ढोल वाजवून दवंडी पिटणं, शेतांवर नजर ठेवणं, आणि शेवटी गाव रिकामं करताना घरोघर जाऊन यादीतल्या एकेका नावापुढं खूण करत जाणं, हे त्यांचं काम. त्यांच्या यादीवर चारशे बारा नावं होती. चारशे बारा खुणाही होत्या.

त्यांच्या घरात दोनच खोल्या होत्या. नोएली आत जाऊन उभी राहिली. चुलीच्या वर भिंतीत अजून एक खिळा होता, गंजून फुगलेला, अंगठ्याएवढा. "पापांचा ढोल इथं टांगलेला असायचा," ती म्हणाली. लेऑन्सनं टोपी काढली. त्याचं ते टोपी काढणं तिला जरा जास्तच वाटलं. पण तो एरवी कुणासाठी टोपी काढत नाही, एवढंच तिच्या मनात आलं आणि गेलं.

दुपारी ती दोघं पुलाच्या कमानीखाली बसली. सावली तेवढीच होती. नदी खाली अरुंद होऊन वाहत होती, कॉफीच्या रंगाची. लेऑन्सनं पिशवीतून पाव, सुकवलेलं सॉसेज, कांताल चीज, चार टोमॅटो आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली वाइनची बाटली काढली. खिशातल्या चाकूनं त्यानं सॉसेजचे पातळ काप केले.

"जाड काप ना. छपराच्या पाट्या करतोयस का?"

"दात किती राहिलेत तुझे?"

"तुझ्याहून दोन जास्त."

जेवण होताच लेऑन्स पिशवी उशाशी घेऊन आडवा झाला आणि घोरायलाही लागला. वरचे लोक उन्हाला कंटाळून धक्क्याकडे परत चालले होते. खरबूजवाले गेले, जोडपं गेलं. दोन वाजण्याच्या सुमाराला त्या सगळ्या राखेच्या गावात हालणारं असं काही राहिलं नाही.

नोएली उठली. आपण उठणार हे तिला सकाळी टोपी घेतानाच माहीत होतं.

पुलापासून नदीकाठानं एक पायवाट गावच्या कपडे धुण्याच्या हौदाकडे जाते. हौद मोठा, दगडी, बायका गुडघ्यांवर बसून धुवायच्या तसे तिरपे काठ असलेला. तिथं पोचल्यावर ती थबकली. गावभर गाळावर बुटांचे ठसे होते, सायकलींचे, कुत्र्यांचे, पोरांच्या अनवाणी पायांचे. ते सगळे ठसे हौदापर्यंत आले होते आणि हौदापाशी वळून परत गेले होते. पालिकेनं तिथं लाल-पांढरी पट्टी बांधली होती, 'पुढे धोका' म्हणून. तिच्यापलीकडे गाळ अस्पर्श पडलेला होता, साय धरलेल्या दुधासारखा.

आणि पलीकडे, पन्नास पावलांवर, एकच घर होतं. म्हाताऱ्या लूबेरचं.

पेर लूबेर, म्हणजे लूबेरबाबा, लाकडी जोडे बनवायचा. बायको नाही, मूल नाही, एका कानानं बहिरा, दुसऱ्यानं हट्टी, असं लोक म्हणायचे. धरणाच्या साहेबांनी तीनदा घर सोडायचे कागद आणले आणि तीनदा त्यानं ते चुलीत घातले. त्याच्या एका सहीवाचून सबंध गावाचे भरपाईचे पैसे वर्षभर अडून राहिले होते. पोरं त्याला घाबरायची आणि मोठी माणसं त्याच्यावर चिडून असायची. शेवटी सहीशिवायच काम उरकलं आणि तारीख ठरली, १९५१ च्या नोव्हेंबरातली. धरणाची दारं सोमवारी बंद होणार. रविवारी दुपारी पापांनी नोएलीला हाक मारली. त्यांना ताप भरला होता, म्हणजे ते तसं म्हणाले. "नोएली, पळत जा. पेर लूबेर गेला का बघून ये. त्याची लिमोजची बहीण गाडी पाठवणार होती."

ती पळत गेली, ती या हौदापर्यंत. घराच्या झडपा बंद होत्या, दार बंद होतं. आणि आतून आवाज येत होता. ठक्. ठक्-ठक्. ठक्. लाकडावर मोगरी पडल्याचा. ती तिथं उभी राहिली. पुढं पाऊल टाकेना. हौदातलं पाणी हलत नव्हतं, झाडांवर पान नव्हतं, मागं अख्खं गाव रिकामं, आणि त्या बंद घरात कुणीतरी शांतपणे जोडे करतंय. कुणासाठी? गावात पाय कुणाचे राहिलेत? तिला इतकी भीती वाटली की ती मागं वळून न बघता पळाली ती थेट नव्या गावाच्या चढावर येऊन थांबली.

"गेला का?" पापांनी विचारलं.

"गेला. दार बंद आहे."

पापांनी यादीवर शेवटची खूण केली.

मग पाणी चढलं. तिला एवढंच आठवत होतं की दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, हौदापलीकडून वर काहीतरी पांढरं निघत होतं. "धुकं आहे ते," खिडकीत उभे राहून पापा म्हणाले होते. चौथ्या दिवशी ते निघेनासं झालं. नंतर लोक म्हणायचे, म्हातारा बहिणीकडे लिमोजला असतो. मग म्हणायला लागले, वारला म्हणे. सतरा वर्षांनी पापा मरणाच्या दारात होते, जीभ जड झाली होती, तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावून फक्त एवढंच विचारलं, "नोएली, दार बंद होतं ना?" ती म्हणाली, "होतं, पापा." ते खोटंही नव्हतं.

आता ती पट्टीपाशी उभी होती, आणि तिला ऐकू आलं. ठक्.

मग बराच वेळ काही नाही. मग, ठक्-ठक्.

माणूस अशा वेळी पळतो. नवव्या वर्षी ती पळालीच होती. सत्त्याहत्तराव्या वर्षी पळता येत नाही, हे एका परीनं बरंच आहे. तिनं पट्टी वर उचलली, खालून वाकून गेली आणि चालू लागली. गाळ पोटरीपर्यंत आत जात होता, वरून कोरडा, आत लोण्यासारखा थंड. प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागत होतं. आवाज जवळ येत गेला आणि ती घरापाशी पोचली तसा थांबला. भिंतीवर वाळलेल्या गाळाचे जाड पोपडे होते आणि त्यांतले काही सुटून खालच्या दगडावर पडले होते. त्याचाच आवाज असेल. ती तिथं उभी होती तोवर मात्र एकही पोपडा पडला नाही.

घराच्या भिंती पूर्ण उंचीच्या होत्या. छप्पर आत कोसळलेलं. आणि घराला दार होतं.

ओकच्या लाकडाचं, कोळशासारखं काळं, कमरेपर्यंत गाळात रुतलेलं, पण उभं. सबंध जुन्या आर्झनूत तेवढं एकच दार. बाकीच्यांनी आपापली दारं काढून नेली होती. ज्या घराचं दार जागेवर आहे, ते घर कुणी सोडून गेलेलं नाही. हे कळायला तिला हात लावून बघायचीही गरज नव्हती. तरी ती बाजूच्या खिडकीच्या भोकाशी गेली आणि आत वाकली. आत उन्हाचा चौकोन पडला होता. दाराच्या आतल्या अंगाला लोखंडी अडसर होता, गंजून जाड झालेला. तो लावलेला होता.

तिला रडू आलं नाही.

"नोएली."

ती दचकली नाही. लेऑन्स पट्टी ओलांडून आला होता, टोपी हातात, आणि तिच्या पावलांच्या खड्ड्यांमध्ये पाय टाकत सावकाश येत होता. येऊन तिच्याशेजारी भिंतीला टेकला. धापा टाकत होता.

"अडसर लावलेला आहे," ती म्हणाली.

"हं."

"लेऑन्स, तो आत होता. मी त्या दिवशी ऐकलं होतं. मोगरीचा आवाज ऐकला होता मी, आणि पापांना सांगितलं की गेला. माझ्यामुळं—"

"तुझ्यामुळं नाही."

"तुला काय ठाऊक?"

लेऑन्सनं हातातली टोपी उलटी केली. "त्या रविवारी सकाळी मी काकाबरोबर गिरणीच्या छपरावर होतो. पाट्या काढत होतो. तिथून हे छप्पर सरळ खाली दिसायचं. याला वर एक लोखंडी झडप होती, उजेडासाठी. तिच्यातून आम्हाला तो दिसला. बाकावर बसून जोडा घासत होता. काका म्हणाला, आपण काही बघितलं नाही. पाय भिजले की येईल बाहेर."

"मग पापांना कुणी सांगितलं नाही?"

"तुझे पापा खाली रस्त्यावरच होते, नोएली. त्यांनी विचारलं, वरून काही दिसतं का? काका म्हणाला, नाही. तुझे पापा जरा वेळ तिथंच उभे राहिले. आवाज त्यांनाही येत असणार. हौदाच्या रस्त्यानं त्या दिवशी जो कुणी गेला त्याला आला असणार. मग ते घरी गेले आणि त्यांनी तुला पाठवलं."

"मी नऊ वर्षांची होते."

"म्हणूनच. मोठ्या माणसाला पाठवलं असतं तर त्याला दार ठोठावावं लागलं असतं."

नोएलीनं भिंतीवर हात ठेवला. भिंत उन्हानं तापली होती, आणि तरी तळहाताखाली कुठंतरी ओल होती.

"दोन्ही वेळा तळं रिकामं झालं तेव्हा तू आला होतास," ती म्हणाली.

"सगळेच आलो होतो. चर्चपर्यंत, पुलापर्यंत, हौदापर्यंत. त्याच्यापुढं नाही."

"आणि ही पट्टी?"

"पहिल्या वेळी पट्टी नव्हती. तरी कुणी गेलं नाही."

दोघं परतीच्या चढाला लागली. नोएलीच्या पोटऱ्यांवरचा गाळ वाळून पांढरा पडला होता. घराच्या वळणावर लेऑन्स थांबला, पण ती वळली नाही. ती तशीच, चिखलाच्या पायांनी, पालिकेच्या कचेरीत शिरली. पाच वाजायला आले होते. मेयर सांद्रीन व्हियाल संगणक बंद करत होती. चाळिशीची, कामसू, तिनंही शाळेत आठ वर्षं नोएलीच्या हातचं खाल्लेलं.

"मादाम सुशेर! पाय काय झालेत तुमचे? बसा, पाणी आणते."

"पाणी नको. लिहून घे. तू गाजरं बाजूला काढून ठेवायचीस, मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता मी सांगते ते तूही बाजूला काढू नकोस."

आणि तिनं सगळं सांगितलं. हौद, आवाज, पापांची खूण, अडसर, गिरणीच्या छपरावरून काय दिसलं ते. पापांचं नावही तिनं पूर्ण सांगितलं, आडनावासकट. सांद्रीन आधी लिहीत होती, मग लिहायची थांबली, मग पुन्हा लिहू लागली. तिच्या आजोबांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. पण गिरणी तिच्या आजोबांचीच होती, हे दोघींना माहीत होतं.

पोलीस सोमवारी आले आणि तीन दिवस खणत होते. खालच्या खोलीत भिंतीलगत रचलेले जोडे सापडले, सव्वीस जोड, गाळात जसेच्या तसे. म्हातारा छपराच्या पाट्यांखाली सापडला. त्याच्याजवळ खुर्चीचे लोखंडी सांधे आणि मोगरीचं डोकं होतं. म्हणजे पाणी चढत गेलं तसा तो जिन्यानं वर चढत गेला होता आणि माळ्यावर खुर्ची मांडून बसला होता. छपराची लोखंडी झडपही तिथंच सापडली. ती उघडी ठेवायची टेकणी शेवटच्या खाचेत लावलेली होती, म्हणजे झडप पुरती उघडलेली. त्या झडपेतून नवं गाव समोरच दिसतं. नव्या गावातूनही झडप दिसत असणार. बघणाऱ्यांपैकी आता किती जण राहिले होते, ते ज्याचं त्याला ठाऊक.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी त्याला माती दिली. सबंध चर्च भरलं होतं. पाद्री बाहेरगावचा होता, त्याला वाटलं, काय प्रेमळ गाव आहे. म्हातारी माणसं पुढच्या बाकांवर होती आणि एकमेकांकडे बघत नव्हती. शवपेटी लेऑन्सच्या पुतण्यांनी उचलली. नोएली सगळ्यात मागं उभी राहिली. काही जणांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बेकरीत तिची पाळी आली की कुजबुज थांबायची. कुणीतरी म्हणालं होतं, बापाचं नाव मातीत घातलं. ती म्हणाली, मातीत नव्हतं, पाण्यात होतं.

ऑक्टोबरात धरणाची दारं लागली आणि तळं पुन्हा भरलं. त्यानंतर माणसं तिच्या घरी यायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं. एकेकटी यायची, दुपारची, मागच्या दारानं. टोपी गुडघ्यावर ठेवून बसायची, हवापाण्याचं बोलायची, आणि मग मध्येच सांगायला लागायची. फार्झाचा थोरला आला. तो त्या शनिवारी म्हाताऱ्याला पाव देऊन आला होता आणि रविवारी त्यानं कुणाला ते सांगितलं नव्हतं. जुना पोस्टमन आला, त्यानं धूर बघितला होता. नोएली ऐकून घ्यायची. माफ करणारी आपण कोण, असं तिला वाटायचं, म्हणून ती नुसती कॉफी करायची.

सगळ्यात शेवटी ऑदिल आली, चौऱ्याऐंशी वर्षांची, दोन काठ्या टेकत. तिच्या घरी तेव्हा गायी होत्या. बसल्यावर बराच वेळ तिचा श्वास जागेवर येईना.

"मी त्याला रोज दूध पोचवायचे," ती म्हणाली. "तुला ठाऊक नसेल. सकाळी, खिडकीत ठेवून यायचे. रविवारीही निघाले होते कॅन घेऊन. आईनं दारातच अडवलं. म्हणाली, आज नको. मी विचारलं नाही, का."

नोएलीनं कप तिच्यापुढं सरकवला. मग तिनं विचारलं, "आणि दुधाचं काय केलंत?"

ऑदिलनं काठ्यांवरचे हात उचलले, टेबलावर ठेवले, पुन्हा काठ्यांवर ठेवले.

"आम्हीच प्यायलो," ती म्हणाली.